डॉक्टर काय म्हणाले?

दवाखान्यातून माणूस घरी आला की आपल्या वस्तीत पहिला प्रश्न ठरलेला असतो, "डॉक्टर काय म्हणाले?" उत्तरही ठरलेले असते, "काही नाही, गोळ्या दिल्या." एक पिवळी, दोन पांढऱ्या, एक लाल. कशाच्या, किती दिवसांच्या, कशासाठी, हे विचारले तर आजारी माणूस आपल्याच तोंडाकडे पाहत बसतो. दिवसाची मजुरी बुडवून, चार तास रांगेत उभे राहून डॉक्टरांसमोर दोन मिनिटे बसायला मिळाले आणि त्या दोन मिनिटांत दोघांपैकी कुणीच धड बोलले नाही. या वेळी त्या दोन मिनिटांविषयीच लिहायचे आम्ही ठरवले आहे.

आधी आमच्या घरातली गोष्ट सांगतो. आमचे वडील नांदेडला कापड गिरणीत कामाला होते. किल्लारीचा भूकंप झाला त्याच्या पुढच्या साली, म्हणजे १९९४ च्या पावसाळ्यात, त्यांचा खोकला हटेना. संध्याकाळी कणकण यायची, रात्री घामाने अंथरूण ओले व्हायचे, सदरा अंगावर लोंबू लागला. शहरातल्या एका दवाखान्यात छातीचा फोटो काढला, बेडका तपासला. टीबी निघाला. गोळ्यांचे पुडके आणि एक कार्ड हातात आले. "रोज घ्या, बंद करू नका," एवढे सांगितले गेले. पुढचा पेशंट आत आला.

तिसऱ्या दिवशी वडिलांना लघवी लाल झाली. त्यांनी ते कुणालाही सांगितले नाही, आईलाही नाही. गोळ्या उष्ण आहेत, आतून रक्त जाते आहे, असे त्यांनी मनाशी धरले. मग एक दिवसाआड गोळी घ्यायला सुरुवात केली. महिना-दीड महिन्यात ताप गेला, भूक लागू लागली, माणूस कामावर जाऊ लागला. उरलेल्या गोळ्या त्यांनी ट्रंकेत धोतराच्या घडीखाली ठेवून दिल्या. घरात आम्ही मुले शिकलेली, एक तर कॉलेजात होता. गोळ्या संपल्या का, एवढे एकानेही विचारले नाही. वर्षभराने खोकला पुन्हा आला आणि या वेळी त्याच्याबरोबर खरेच रक्त आले. दुसऱ्या दवाखान्यात एका तरुण डॉक्टरने वडिलांच्या खाटेवर बसून सगळे पहिल्यापासून विचारून घेतले, तेव्हा कुठे लाल लघवीची गोष्ट बाहेर पडली. तो म्हणाला, "बाबा, ते रक्त नव्हतं. गोळीचा रंग होता." वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. १९९६ च्या उन्हाळ्यात ते गेले.

एक वाक्य. तेवढे वेळेवर सांगितले गेले असते तर!

टीबीच्या औषधांत रिफाम्पिसिन नावाचे एक औषध असते. त्याने लघवी नारिंगी-तांबडी होते, घामाला आणि डोळ्यांच्या पाण्यालासुद्धा कधी कधी रंग येतो. त्यात भिण्यासारखे काही नाही. उलट, औषध पोटात गेल्याची ती खूण आहे. साध्या टीबीचा उपचार सहा महिन्यांचा असतो. पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन. दोन-चार आठवड्यांत बरे वाटू लागते, कारण बरेचसे जंतू मरतात. पण उरलेले चिवट असतात. औषध मध्येच सोडले तर तेच वाढतात आणि मग त्यांच्यावर साध्या गोळ्यांचे काही चालत नाही. सरकारी दवाखान्यात हे औषध फुकट मिळते. एप्रिल २०१८ पासून टीबीच्या पेशंटला आहारासाठी महिना ५०० रुपये बँकेत जमा होऊ लागले आणि नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम १००० रुपये झाली. आपल्या गल्लीत कुणाचा उपचार चालू असेल तर त्याला दोन गोष्टी सांगा, लघवीच्या रंगाची आणि या पैशाची. पहिली त्याला लाजेने विचारता येत नाही, दुसरी पुष्कळांना ठाऊकच नसते.

आता बोलण्याची भाषा. आपल्या आयाबायांकडे दुखण्याला किती शब्द आहेत ते पाहा. कळ वेगळी, ठणका वेगळा, मुरडा वेगळा. चमक निघते, जळजळते, मुंग्या येतात, उसण भरते, घेरी येते, जीव घाबरा होतो. यातल्या प्रत्येक शब्दाचा अर्थ वेगळा, आणि चांगल्या डॉक्टरला त्यावरून अर्धे निदान होते. पण डॉक्टरांसमोर गेल्यावर आपण हे स्वतःचे शब्द बाहेर चपलांजवळ सोडून जातो आणि ऐकलेले शब्द बोलतो. "ॲसिडिटी झालीया." "गॅस धरलाय छातीत." "बीपी वाढल्यावानी वाटायलंय." गॅस म्हणून सोडा पिऊन घरी पडून राहिलेला माणूस पहाटेपर्यंत गेला, अशा गोष्टी आपल्या प्रत्येक वस्तीत आहेत. छातीवर दगड ठेवल्यासारखे दडपण, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, त्यासोबत घाम, हे हृदयाचे दुखणे असू शकते. त्याला आपणच गॅस असे नाव देऊन मोकळे होऊ नये. आजाराचे नाव डॉक्टरांना ठरवू द्यावे. आपण त्रास सांगावा. केव्हापासून आहे, कुठे आहे, कशाने वाढतो, कशाने थांबतो, रात्री झोप लागते का. यात इंग्रजीचा एकही शब्द लागत नाही.

तिकडे डॉक्टरांचीही अडचण आहे. विष्णुपुरीच्या किंवा लातूरच्या मोठ्या दवाखान्यात बसलेला मुलगा कधी कोकणातला असतो, कधी परराज्यातला. त्याने पुस्तके इंग्रजीत वाचलेली. समोर देगलूर-बिलोलीकडची बाई तेलुगूच्या वळणाचे मराठी बोलते, निलंगा-उदगीरकडचा म्हातारा मधूनच कन्नडात जातो, मुखेडच्या तांड्यावरची आजी गोरमाटीत रडते. "अंगावरून जातंय" म्हणजे काय, हे त्या पोराला पहिल्या महिन्यात कळत नाही. ते त्याला शिकवते कोण? वॉर्डातली आया किंवा सिस्टर. म्हणजे पुष्कळदा आपल्याच घरातली बाई. ती दुभाषी आहे हे कुठल्याही कागदावर लिहिलेले नसते, आणि त्याचा पगारही तिला मिळत नाही.

लातूर पॅटर्नचे नाव सगळ्या महाराष्ट्रात झाले. शेतमजुराची, हमालाची पोरेही त्या वर्गांत बसून डॉक्टर झाली, याचा आम्हाला अभिमान आहे. पण पाच पर्यायांतून... चुकलो, चार पर्यायांतून एक उत्तर निवडण्याच्या त्या परीक्षेत, रडणाऱ्या म्हातारीला प्रश्न कसा विचारावा, हे कुणी विचारत नाही. एमबीबीएसच्या शिक्षणात वागणूक, नीतिमत्ता आणि संवाद यांचा रीतसर भाग देशभर आला तो २०१९ साली प्रवेश घेतलेल्या मुलांपासून. नांदेडचे मेडिकल कॉलेज १९८८ चे, लातूरचे २००२ चे. त्याआधी शिकून गेलेले शेकडो डॉक्टर बोलायला शिकले ते आपापल्या आईबापांकडून, नाही तर शिकलेच नाहीत.

इथे एक जुनी गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत ती नोंदवून ठेवली आहे. काठियावाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त छापून आले होते. त्याची बायको बाळंत झाली आणि दोन दिवसांनी आजारी पडली. श्वास घेता येईना, फासळ्या दुखू लागल्या. डॉक्टर म्हणाला, मी तुमच्या वस्तीत येणार नाही आणि तिला तपासणारही नाही. बऱ्याच विनवण्यांनंतर, दोन रुपये फी ठरवून, बाईला वस्तीबाहेर आणायच्या अटीवर तो आला. त्याने थर्मामीटर एका मुसलमान माणसाच्या हाती दिले, त्याने ते नवऱ्याला दिले, नवऱ्याने बायकोला लावले, आणि त्याच वाटेने ते परत गेले. रात्रीचे आठ वाजले होते. दिव्याच्या उजेडात आकडा पाहून डॉक्टरने सांगितले, न्यूमोनिया. औषध पाठवले. पुढे पुन्हा बोलावले तर तो आला नाही. ती बाई वाचली नाही.

त्या डॉक्टरने त्या बाईला एक प्रश्नसुद्धा विचारला नव्हता. आज थर्मामीटर तीन हातांतून फिरत नाही, हे खरे. पण केसपेपरवरचे आडनाव वाचून आवाज बदलला, असे सांगणारे लोक आजही आम्हाला भेटतात. पोटाला हात न लावता पोटदुखीचे औषध लिहून दिले, असे सांगणारे तर गल्लोगल्ली आहेत. आम्ही असे म्हणत नाही की प्रत्येक घाई जातीची असते. ज्या ओपीडीत एका डॉक्टरपुढे एका सकाळी शेकड्याने माणसे उभी असतात, तिथे हात लावायलाही वेळ लागतो. पण "ए बाई, सरक तिकडं" म्हणायला जितका वेळ लागतो तितकाच "मावशी, इकडं बसा" म्हणायला लागतो. याला निधीही लागत नाही आणि जीआरही.

बोलण्याच्या दुष्काळाने आपल्या मराठवाड्यात किती नुकसान केले ते पाहायचे असेल तर पिशवीची गोष्ट पाहावी. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची बोंब २०१९ साली झाली. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायांची माहिती घेतली गेली, त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहा बायांमागे जवळजवळ एक. आकडे बीडचे आहेत, पण कोयते काही बीडमधूनच निघत नाहीत. आपल्या कंधार-मुखेडकडूनही दसरा-दिवाळीनंतर ट्रॅक्टर भरून जातातच.

हे झाले कसे? नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली. एक दिवस खाडा पडला की मुकादम दंड कापतो. पाळीत पोट दुखते, फडावर ना पाणी ना आडोसा, धुतलेले फडके वाळवायला जागा नाही. पांढरे अंगावर जाते, खाज सुटते. बाई गावी आल्यावर खाजगी दवाखाना गाठते. तिथे तिला सांगितले जाते, "पिशवी खराब झाली आहे. काढून टाका, नाही तर कॅन्सर होईल." कॅन्सर हा शब्द कानावर पडल्यावर कोणती बाई दुसरा प्रश्न विचारील? नवरा म्हणतो, मुलं झालीत, आता पिशवी काय कामाची? सासू म्हणते, माझीबी काढलीया. अंगठा लागतो. तिशीतली बाई महिन्याभरात पुन्हा फडावर मोळी उचलते. आणि मग पाठ धरते, अंगातून वाफा निघतात, झोप उडते, हाडे ठणकतात. पिशवीसोबत अंडाशय काढले गेले असतील तर पाळी जायचे वय पंधरा वर्षे अलीकडे येते. हे सगळे शस्त्रक्रियेच्या आधी तिला कुणी सांगितले होते? पांढरे जाणे हा पुष्कळदा जंतूंचा त्रास असतो आणि तो गोळ्यांनी बरा होतो, नवऱ्यालाही औषध घ्यावे लागू शकते, हे तरी?

खोटे बोलून भीती घालणे हाही संवादच आहे, पण वाईट. तो फार प्रभावी असतो, हीच अडचण. त्या बायांना कुणी बांधून टेबलावर नेले नव्हते. त्या आपल्या पायांनी चालत गेल्या, सह्या-अंगठे करून आल्या. म्हणून कुणी म्हणेल, संमती तर होती ना!

सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी समीरा कोहली या दिल्लीच्या बाईंच्या खटल्यात या संमतीचा अर्थ सांगितला आहे. दुर्बिणीने फक्त तपासणी करायची म्हणून त्यांना भूल दिली. त्या बेशुद्ध असताना डॉक्टरांनी बाहेर येऊन त्यांच्या आईची संमती घेतली आणि गर्भाशय, अंडाशय सगळे काढून टाकले. न्यायालय म्हणाले, हे चालणार नाही. पेशंट शुद्धीवर असलेली सज्ञान बाई असेल तर संमती तिचीच. कशासाठी करतो, फायदा काय, धोका काय, दुसरा उपाय आहे का, न केल्यास काय होईल, हे तिला समजेल असे आधी सांगायला हवे. तपासणीची संमती म्हणजे कापण्याची संमती नव्हे. जीवच धोक्यात असेल तर गोष्ट वेगळी. आम्ही हा निकाल इतका विस्ताराने सांगतो त्याचे कारण आहे. पिशवी काढायला सांगितलेल्या आमच्या बहिणींनी सही करण्यापूर्वी एकच करावे. कागद घेऊन सरकारी दवाखान्यातल्या बायांच्या डॉक्टरला दाखवावा. पिशवी कुठे पळून जात नाही. खरोखर काढायचीच असेल तर तेही तिथे कळेल. काही दुखण्यांत ती काढावीच लागते, हेही आम्ही लपवत नाही.

नांदेडचे नाव २०२३ साली वेगळ्या कारणाने देशभर गेले. विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर या चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बाळे होती. दोन दिवसांचा आकडा ३१ वर गेला. नातलग म्हणाले, औषधे बाहेरून आणायला लावली. प्रशासन म्हणाले, रुग्ण शेवटच्या अवस्थेत बाहेरून आले होते, औषधे होती. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. आणि ३ ऑक्टोबरला हिंगोलीच्या तेव्हाच्या खासदारांनी दवाखान्याच्या अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन संडास साफ करायला लावला. अधिष्ठाता आदिवासी समाजाचे. खासदारांवर ॲट्रॉसिटीचा गुन्हा नोंदवला गेला. ज्यांच्या आज्या-पणज्यांच्या कपाळी तो झाडू जन्माने लिहिलेला होता, त्या आपल्या वाचकांना त्या चित्राचा अर्थ समजावून सांगायला नको. संडास घाण होते, हे खरेच असेल. पण मेलेल्या बाळांच्या आयांना त्या झाडूने कोणता जबाब मिळाला?

गोड बोलण्याने औषधाचे कपाट भरत नाही, रिकाम्या जागांवर डॉक्टर बसत नाही, ही गोष्ट आम्हाला पक्की ठाऊक आहे. पण काचेच्या आत बाळ आणि बाहेर फरशीवर बसलेला बाप, या दोघांच्या मध्ये दिवसातून दोनदा कुणीतरी येऊन बोलले पाहिजे. "बाळाचं वजन कमी आहे, श्वास मशीनवर आहे, आजची रात्र अवघड आहे," असे सांगितलेले असले तर बाप रडतो. सांगितलेले नसले तर तो दगड उचलतो. दगड उचलणाऱ्यांना महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे. डॉक्टर, सिस्टर, वॉर्डबॉय यांच्यावर हात टाकला तर तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड, आणि गुन्हा अजामीनपात्र. त्यातला पहिला मार बहुधा मोठ्या साहेबांना बसत नाही. दारावर उभ्या असलेल्या कंत्राटी पोरीला बसतो, आणि ती आपल्यातलीच असते.

आता आपल्या चुका. त्या सांगितल्या नाहीत तर हे सदर एकतर्फी होईल. डॉक्टरने सुई टोचली नाही तर "हा कसला डॉक्टर" म्हणणारे आपणच. अशक्तपणा आला की "एक सलाईन लावा की ओ" म्हणून हट्ट धरणारे आपणच. त्या बाटलीत बहुतेक वेळा मीठ, साखर आणि पाणीच असते. तोंडाने खाता-पिता येणाऱ्याला त्याची गरज नसते, तरी त्यासाठी आपण आठवड्याचा बाजार खर्चून बसतो. दारू किती पितो ते नवरा खरे सांगत नाही. पाळी चुकल्याचे सून सांगत नाही. आधी देवऋष्याकडे जाऊन आल्याचे कुणीच सांगत नाही. नागपूरला १९५६ साली बावीस प्रतिज्ञा घेऊन आलेल्यांच्या घरांत आम्ही गंडे-दोरे पाहिले आहेत, ते असो. आणि बायकोला दवाखान्यात नेल्यावर तिचे दुखणे नवराच सांगत बसतो. ती बिचारी पदर सावरीत खाली पाहते. तिला आत एकटीने, सिस्टरजवळ बोलू द्या.

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. बाबासाहेबांनीही तो 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात घेतला आहे. एक भिक्खू हगवणीने आजारी, आपल्याच घाणीत पडलेला. भगवंत आनंदासह तिथे आले. त्यांनी आधी उपदेश केला नाही. आधी विचारले. तुला काय होते आहे? तुझी सेवा करणारा कुणी आहे का? का नाही? मग दोघांनी मिळून त्याला धुतले आणि उचलून खाटेवर ठेवले. हा प्रसंग आपल्याकडे वंदनेनंतर पुष्कळदा सांगितला जातो. पण त्याच्या पुढचा भाग कमी ऐकू येतो. तिथे भगवंतांनी रोग्याचेही गुणदोष सांगितले आहेत. ज्याची सेवा करणे अवघड जाते तो रोगी कोण? जो पथ्य पाळत नाही, औषध घेत नाही, वेदना सोसत नाही, आणि आपले दुखणे वाढले आहे की कमी झाले आहे की तसेच आहे, ते सेवा करणाऱ्याला जसेच्या तसे सांगत नाही. आणि सेवा करणारा कसा असावा? औषध जाणणारा, ओकारी-घाणीची किळस न करणारा, पैशासाठी नव्हे तर मायेने सेवा करणारा, रोग्याशी चार शब्द धीराचे बोलणारा. अडीच हजार वर्षांपूर्वी दोन्ही बाजूंना सारखे धरले होते. आमचे वडील त्या पहिल्या यादीत बसतात, हे लिहिताना आमचा हात अडतो.

काही कामाच्या गोष्टी सांगून आटोपते घेतो. दवाखान्यात जाताना जुने सगळे कागद आणि चालू गोळ्यांची पाकिटे एका पिशवीत घालून न्यावीत. "ती लांबट गुलाबी गोळी" म्हटल्याने डॉक्टरला काही कळत नाही. चिठ्ठीवर १-०-१ लिहिले असेल तर सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. औषधाचे नाव वाचता येईल असे, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावे, असा डॉक्टरांना २०१६ पासून नियम आहे. वाचता येत नसेल तर "साहेब, नीट लिहून द्या" म्हणण्यात उद्धटपणा नाही. भरती असलेल्या पेशंटचे कागद मागितल्यावर ७२ तासांत द्यावेत, हाही नियम आहे. खाजगी दवाखान्यांनी रुग्णहक्कांची सनद भिंतीवर लावायची, असे महाराष्ट्रात २०२१ साली ठरले. ती नसेल तर "सनद कुठं लावलीय?" असे नुसते विचारून पाहावे. गावात आशाताई आहे. २००५ पासून हे काम सुरू झाले आणि आपल्या कितीतरी मुली त्यात आहेत. डॉक्टरांचे बोलणे समजले नाही तर ते समजून घ्यायला तिच्याकडे जाता येते. आणि ज्या आपल्या मुली सिस्टर, आशा, तंत्रज्ञ म्हणून खुर्चीच्या पलीकडे बसल्या आहेत, त्यांना मात्र एक विनंती आहे. पेशंटला "कळलं का?" असे विचारू नका. आपला माणूस मान हलवतो, त्याला कळलेले नसते तरी. त्याऐवजी त्यालाच परत सांगायला लावा.

हे आम्ही पुस्तकात वाचून लिहीत नाही. मागे एका नातलगाबरोबर लातूर जिल्ह्यातल्या एका आरोग्य केंद्रात गेलो होतो. आमच्या पुढे सत्तरीची एक म्हातारी, साखरेची गोळी घ्यायला आलेली. सिस्टर म्हणाली, "आजी, आता मला सांगा बरं, ही गोळी कवा घ्यायची?"

"सकाळच्याला, जेवल्यावर," म्हातारी म्हणाली.

"बरोबर. सकाळी किती वाजता जेवता?"

"सकाळी कुठलं जेवण बाई? काळा च्या घिऊन जातो शेतात. भाकर बाराला खातो."

"मग इतके दिवस गोळी?"

"च्या संगं."

सिस्टर आत डॉक्टरांकडे जाऊन आली. मग तिने पेनने गोळीच्या पाकिटावर एक गोल काढला आणि त्याच्या शेजारी उन्हाचा सूर्य. "आजी, ही भाकर. ऊन डोक्यावर आलं, भाकर खाल्ली की ही गोळी. नुसत्या च्यावर घ्यायची न्हाई." म्हातारीने पाकीट डोळ्यांजवळ नेऊन पाहिले आणि म्हणाली, "भाकर लै बारकी काढलीस की गं."